सतरा बरण्या

"उल्का, मी आंघोळ कुठे करायची?"

श्रीरंग खांद्यावर टॉवेल टाकून मोरीच्या दारात उभा होता आणि मोरीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. दोन बादल्या, कपड्यांचा टब, मोठी परात, घरात जे जे म्हणून खोलगट होतं ते सगळं पाण्याने भरलेलं, आणि त्यात काचेच्या बरण्या बुडवलेल्या. मी पाटावर बसून एका बरणीवरचं जुनं लेबल नखाने खरवडत होते.

"आज नको करूस," मी म्हटलं. "पाण्यात सोडा घातलाय. रात्रभर भिजल्यात. आता हलवल्या तर सगळा चिकटा परत बसेल."

"सात वाजता ड्यूटी आहे माझी."

"टर्बाइन काय तुझा वास घेणार आहे?"

त्याने बरण्या मोजायला सुरुवात केली. इंजिनिअर माणूस, चार वस्तू एकत्र दिसल्या की मोजतोच. "सतरा. एवढ्या बरण्या आपल्या घरात होत्या?"

"ओट्याखाली होत्या. रिकाम्या. आता त्यांचे दिवे होणार, मेणबत्तीचे. महिला मंडळाची 'टाकाऊतून टिकाऊ' स्पर्धा आहे शनिवारी."

शनिवार म्हटल्यावर त्याने आंघोळीचा नाद सोडला. शनिवारनंतर सोमवार येतो, आणि त्या सोमवारी बदलीच्या अर्जाची शेवटची तारीख होती.

मी लग्न होऊन ऑगस्टमध्ये विदर्भातल्या त्या वसाहतीत आले होते. एका बाजूला औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या, दुसऱ्या बाजूला राखेचा तलाव, मधे आमची क्वार्टर्स. बाजार चौदा किलोमीटरवर, तोही फक्त बुधवारी. पहिल्या पंधरा दिवसांत आमच्या लाइनीतल्या सोळा घरांतल्या सोळा बायका एकेक करून मला भेटून गेल्या, आणि सतराव्या खुद्द चीफसाहेबांच्या पत्नी, हुद्दार मॅडम. कुणी रिकाम्या हाताने आलं नाही. लसणाची चटणी, मेतकूट, मुरंबा, लोणची. बसल्या, माझा चहा प्यायल्या (हे धाडस होतं, मला तेव्हा पाणीसुद्धा नीट उकळता येत नसे), गोड बोलल्या. मी हरखून गेले. रात्री श्रीरंगला म्हटलं, अरे, ही माणसं आहेत की देव आहेत!

आणि मग सगळं बंद. पुन्हा कुणी म्हणून फिरकलं नाही. जिन्यात भेटलं तर अर्धंच हसू. मी भाजीच्या गाडीपाशी गेले की चाललेलं बोलणं थांबायचं आणि सगळ्याजणी एकदम वांगी निवडायला लागायच्या. समोरच्या दारातल्या वानखडे वहिनी तर मला बघून आत जायच्या. मी काय केलं होतं तेच मला कळेना. चहा एवढा वाईट होता का?

दिवाळीत मी उशीत तोंड खुपसून रडले. श्रीरंग म्हणाला, मुंबईला मुख्य कार्यालयात जागा निघाली आहे, जानेवारीत अर्ज घेतायत, तू म्हणशील तसं. म्हणाला, आणि खिडकीतून चिमणीकडे बघत बसला. त्याला त्या मशीनचं वेड होतं. मुंबईत त्याला टेबल, फायली आणि लेटमार्क मिळाला असता. तो भांडला असता तर मला सोपं गेलं असतं, पण हा भांडायचाच नाही. मग मीच अट घातली. "संक्रांतीच्या आत इथे मला एक मैत्रीण मिळाली तर राहू. एकच. फार मागत नाहीये मी." नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, मैत्रिणी शून्य. हाताशी उरला होता तो हा शनिवार आणि या सतरा बरण्या.

तर आम्ही कामाला लागलो. आम्ही, कारण तिसऱ्या दिवशी श्रीरंगलाही चळ लागला. बुधवारच्या बाजारातल्या कासाराकडून मी पिशवीभर फुटक्या बांगड्या आणल्या. त्या कापडात गुंडाळून वरवंट्याने ठेचल्या आणि हिरव्या, लाल, मोरपंखी काचा बरण्यांवर डकवल्या. काहींना पतंगाचा कागद, काहींना टिकल्या, काहींना जुन्या परकराची जर. श्रीरंगने जळक्या मोटरमधली तांब्याची तार आणून कड्या वळल्या. गाणी म्हणत, एकमेकांच्या नाकाला रंग लावत आम्ही जेवायचंसुद्धा विसरलो. लग्नानंतर आम्ही एवढे कधी हसलो नव्हतो.

"बरणी बुटकी दिसतेय," तो म्हणाला. "खाली बैठक पाहिजे."

"झाकणं आहेत की! उलटी करून बुडाला चिकटवू."

त्याने प्लांटमधून दोन ट्यूबा आणल्या. दोन्हींतलं एकत्र कालवायचं आणि लावायचं. "हा गोंद असा आहे," तो अभिमानाने म्हणाला, "की टर्बाइन निखळेल, पण हे निखळणार नाही."

चिकटवताना त्याला दिसलं की जवळजवळ प्रत्येक बरणीच्या बुडावर काही ना काही खूण आहे. कुठे नेलपॉलिशचा लाल ठिपका, कुठे निळी फुली, कुठे चिकटपट्टीवर बॉलपेनने एक अक्षर.

"हे काय गं?"

"काय माहीत."

त्याने बरणी उजेडात धरून बघितली. "कारखान्यात माल तपासला की अशी खूण करतात," त्याने निकाल दिला. इंजिनिअरने एकदा सांगितलं म्हणजे विषय संपला. आम्ही सतराच्या सतरा बुडांवर, खुणांसकट, झाकणं बसवली आणि वर पाटा ठेवून दाबली.

शनिवारी चार वाजता क्लबचा हॉल भरला होता. जुन्या साड्यांचं पायपुसणं होतं वानखडे वहिनींचं. चौगुले वहिनींनी जळक्या बल्बांचा मोर केला होता. या कोल्हापूरच्या, आवाज खणखणीत, वसाहतीत कुणाकडे काय शिजतंय हे त्या वासावरून सांगायच्या. हुद्दार मॅडम साखळीचा चष्मा नाकावर ठेवून वहीत गुण मांडत फिरत होत्या. माझ्या टेबलापाशी आल्या आणि थांबल्या.

"मॅडम, अंधार लागेल," मी म्हटलं.

हॉलमध्ये खसखस पिकली. विजेच्या वसाहतीत अंधार! आमच्याकडे दिवे जातच नसत. मेणबत्त्यासुद्धा मला चौदा किलोमीटरवरून आणाव्या लागल्या होत्या. पण मॅडमनी मान हलवली, सतरंज्या खिडक्यांवर चढल्या, दिवे घालवले, आणि मी एकेक करत सतरा मेणबत्त्या लावल्या.

काय सांगू! भिंतीवर, छतावर, बायकांच्या तोंडांवर हिरवे-लाल-मोरपंखी तुकडे नाचायला लागले. "आई गं," असं कुणीतरी म्हणालं. बायका पुढे सरकल्या. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्या माझ्या इतक्या जवळ उभ्या होत्या. वानखडे वहिनींचा पदर माझ्या हाताला लागत होता. मला वाटलं, झालं, जमलं! आता यातली कुणीतरी म्हणेल, घैसास वहिनी, शिकवा ना आम्हाला. मी म्हणेन, या ना घरी. मनातल्या मनात मी चहाची पातेलीसुद्धा चढवली.

तेवढ्यात चौगुले वहिनी खाली वाकल्या. एका दिव्याच्या गळ्याशी डोळा नेला.

"हा बुडबुडा बघ," त्या म्हणाल्या. "काचेत. मुगाएवढा. अगं, ही तर माझी बरणी हाय!"

"हो हो!" मी आनंदाने ओरडले. "लसणाची चटणी! काय सुंदर होती हो!"

मेणबत्त्या तेवढ्या तडतडत होत्या.

"म्हंजे," वानखडे वहिनी माझ्या खांद्यामागून सावकाश म्हणाल्या, "माही बी यातच असन काय वं?"

आणि मग जे झालं त्याला स्पर्धा म्हणत नाहीत. सगळ्या एकदम टेबलावर तुटून पडल्या. फूऽ, फूऽ करत मेणबत्त्या विझायला लागल्या. कुणीतरी ओरडलं, मेण, मेण, पोळलं! कुणी दिवे लावले. ज्या त्या बाईच्या हातात माझा एकेक दिवा होता आणि ती तो उलटासुलटा करून बघत होती.

"ही माझी. तोंड रुंद आहे."

"तोंड सगळ्यांचंच रुंद असतं, कुळकर्णीबाई. ही माझ्या मेतकुटाची."

"खूण बघा की खालची!"

"खालची कशी बघू? खाली झाकण आहे!"

सतरा चेहरे माझ्याकडे वळले.

"झाकण खाली कशापायी हाय?" चौगुले वहिनींनी विचारलं.

"बैठक म्हणून," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू येईना. "चिकटवलंय."

"मग काढ."

"निघत नाही. टर्बाइन निखळेल, पण... असा गोंद आहे तो."

"अगं माझे आई, झाकणाची काचेची बरणी हिथं मिळती कुठं! नागपूरला कुणी गेलं तर आणायची, ती पण फुटली न्हाई तर! आणि तू बुडाला झाकण लावलंयस?"

हुद्दार मॅडमनी टेबलावर पेन आपटलं. वही उघडली. त्या कोर्टात असल्यासारख्या बोलायच्या.

"नियम पहिला. वस्तू टाकाऊ असली पाहिजे. या बरण्या तुमच्यापैकी कुणी टाकल्या होत्या?"

एकीचाही हात वर झाला नाही.

"घैसास यांची कलाकृती बाद," मॅडम म्हणाल्या आणि वहीत काट मारली. "आणि ती निळी, उंच बरणी माझी आहे. उपासाचं लिंबाचं लोणचं. अठरा ऑगस्ट."

मी रडायला लागले. शहाण्यासारखं डोळे टिपत नाही, शाळेत पट्टी खाल्लेल्या पोरीसारखं, नाक ओढत. रडता रडता बोलत होते, आणि काय बोलतेय याचं मला भान नव्हतं. "मला वाटलं चटणीबरोबर बरणी पण दिली. आमच्याकडे बाटली रिकामी झाली की भंगारवाल्याला द्यायचो. मला नाही माहीत ठेवायच्या असतात की परत द्यायच्या असतात."

"असं कसं माहीत नाही?" मॅडम म्हणाल्या. "आईने काही सांगितलं नाही?"

"आई मी चार वर्षांची असताना गेली. मी आणि बाबा खानावळीत जेवायचो. आमच्या दारात कुणी कधी वाटीसुद्धा घेऊन आलं नाही. मला काय कळणार?"

मॅडमनी चष्मा काढला. चौगुले वहिनी आपल्या बरणीकडे बघत राहिल्या. वानखडे वहिनी माझ्यासमोर आल्या, हनुवटीला धरून त्यांनी माझं तोंड वर केलं.

"म्हंजे तू मुद्दाम नाई ठेवल्या?"

"मुद्दाम कशाला ठेवू?"

"अवो, आमाले काय वाटलं, मोठ्या शहरातली हाये, आपलं गावठी लोणचं खाल्लं का फेकलं कोणाले ठाऊक! बरणी वापस आली असती तं दुसरं काही भरून पाठवलं असतं. अशीच तं वळख होते. तू बरणीच देत नाई, तं आमी पाठवाव कशात? न बरणी मांगाची तं लाज वाटते."

"मी रोज कान लावून बसायचे हो," मी म्हटलं. "तुमची कडी वाजली की मला वाटायचं, आज येतील."

"बाप्पा!" वानखडे वहिनींचे डोळे भरले आणि त्याच वेळी त्यांना हसू फुटलं. "न मी तुह्या कडीवर कान लावून! म्हनो, आज तरी येईन बरणी घेऊन! दोघी दाराच्या दोन बाजूले, न मधात हा एवढुसा जिना!"

त्यांचं हसू आधी चौगुले वहिनींना लागलं, मग सगळ्यांना. कुळकर्णीबाई पोट धरून खुर्चीत बसल्या. मॅडमसुद्धा वहीमागे तोंड लपवून हलत होत्या. मी रडतेय की हसतेय ते मला सांगता आलं नसतं. पाच महिने माझ्या मैत्रिणी माझ्याच ओट्याखाली ओळीने मांडून ठेवल्या होत्या, आणि मी रोज त्यांच्यासमोर उभी राहून म्हणत होते, इथे मला कुणी नाही.

"चला," चौगुले वहिनी पदर खोचत म्हणाल्या. "गरम पाण्यानं कुठलाबी गोंद सुटतोय. हिचं घर कुठंय ते म्हाइतीय सगळ्यांना."

अशी आमची मिरवणूक निघाली. पुढे मॅडम, मागे सोळा बायका, प्रत्येकीच्या हातात एक चकचकीत दिवा, शेवटी मी नाक पुसत. श्रीरंग ड्यूटीवरून येऊन झोपला होता. आवाजाने उठून बनियनवर बाहेर आला. चीफसाहेबांच्या पत्नी आपल्या गॅसपाशी उभ्या राहून माचिस मागतायत हे बघून तो आला तसा आत गेला आणि पाच मिनिटांनी पूर्ण गणवेशात परत आला.

आमची दोन पातेली कमी पडली, म्हणून वानखडे वहिनींनी समोरून तीन आणली. आतल्या मेणबत्त्या काढल्या, मग उकळतं पाणी, त्यात बरण्यांची बुडं. मोरीपासून बाहेरच्या खोलीपर्यंत बायका फतकल मारून बसल्या होत्या, उलथनी आणि चमचे घेऊन. पहिलं झाकण टप्प करून निघालं तेव्हा अशी आरोळी उठली की खालचे लोक जिन्यात जमले.

"लाल ठिपका! कुणाचा?"

"माझा!"

"निळी फुली?"

"इकडे, इकडे!"

"शक्य नाही," श्रीरंग दारात उभा राहून पुटपुटत होता. "तो गोंद निघणं शक्यच नाही."

"साहेब," चौगुले वहिनी म्हणाल्या, "तुमच्या त्या टर्बाइनला गरम पाणी लावू नका म्हंजे झालं."

साडेसातपर्यंत सगळ्या बरण्यांना मालकीण मिळाली आणि सगळ्या मालकिणींना झाकण. काही झाकणं वाकली होती, ती श्रीरंगने हातोडीने सरळ करून दिली. मी म्हटलं, कागद आणि बांगड्यांच्या काचाही काढून देते, तर एकजात सगळ्या ओरडल्या, "खबरदार हात लावशील तर!"

मग त्या निघाल्या नाहीत. बरण्या घेऊन तशाच उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी काकुळतीला येऊन वानखडे वहिनींकडे पाहिलं.

"रिकामी नाई नेत वं," त्या माझ्या कानात म्हणाल्या. "साखर हाये ना घरात? चमचा-चमचा टाक. चालते."

मी साखरेचा डबा आणला. सतरा बरण्या ओट्यावर रांगेत मांडल्या आणि प्रत्येकीत एक एक चमचा साखर घातली. सोळा चमच्यांनंतर डबा संपला. सतरावी बरणी मॅडमची होती. मी डबा उलटा करून बुडावर थापटला, जेवढी पडली तेवढी दिली. मॅडमनी बरणी उजेडात धरून बघितली, झाकण लावलं आणि ती छातीशी धरून जिना उतरल्या.

रविवारी सकाळी सातला कडी वाजली. वानखडे वहिनी. त्याच हिरव्या काचांच्या बरणीत तिळाच्या वड्या काठोकाठ. "धर, उल्के. न बरणी लवकर दे, मले गरज हाये तिची," असं म्हणून वळल्यासुद्धा. साडेसातला चौगुले वहिनी, भाजलेल्या मिरचीचा खर्डा. आठला कुळकर्णीबाई. मग मी दार लावणंच सोडून दिलं. दहा वाजेपर्यंत ओट्यावर अकरा बरण्या झाल्या, आणि खिडकीतून ऊन आलं तसं सगळं स्वयंपाकघर लाल-हिरवं होऊन गेलं. मी मधे उभी राहून एकदा ही उघडत होते, एकदा ती, आणि तोंडात एकाच वेळी वडी, खर्डा आणि आवळ्याचा मुरंबा होता.

श्रीरंग दाढीचा फेस तसाच ठेवून मोरीतून बाहेर आला. ओट्यावरच्या बरण्या मोजल्या. मग अगदी हळू आवाजात, जणू काही विशेष नाहीच असा चेहरा करून म्हणाला, "उल्का, उद्या अर्जाची शेवटची तारीख आहे. काय करू?"

"अकरा आल्यात," मी भरल्या तोंडाने म्हटलं. "अजून सहा येतील. सगळ्या भरून परत द्यायच्यात."

"किती दिवस लागतील?"

"मला स्वयंपाक येतो का? आधी शिकायचं, मग करायचं, मग भरायचं. आणि त्या परत भरून पाठवणार ते वेगळंच. दिवस काय विचारतोस, वर्षं लागतील."

बावीस लागली.